धूर आणि वाफ

न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठात एक डोंगर असतो आणि त्या डोंगरावर धूर असतो. धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे असे म्हणायचे. कारण स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी यांचे साहचर्य पुनःपुन्हा पाहिलेले असते, आणि सरोवरात अग्नी नसतो तेव्हा धूरही नसतो. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हे सतराव्या शतकातले छोटेखानी पुस्तक आज जो कोणी हातात घेतो त्याला हा डोंगर ओलांडूनच पुढे जावे लागते. साताऱ्याच्या एका महाविद्यालयात बाईंनी हे पुस्तक एकतीस वर्षे शिकवले. दरवर्षी सरोवरापाशी एखादा तरी विद्यार्थी अडत असे. तो बहुधा वाईचा किंवा कृष्णाकाठच्या एखाद्या गावचा असे आणि त्याची शंका ठरलेली असे : पौषातल्या पहाटे नदीच्या पाण्यावर धूर दिसतो, त्याचे काय? तो धूर नव्हे, वाफ आहे, असे बाई सांगत. "पण लांबून दिसतो तो धूरच," असे विद्यार्थी म्हणे, आणि त्याचे म्हणणे खोटे नसे. मग बाई बौद्ध परंपरेतल्या 'न्यायप्रवेशा'कडे वळत. समोर जे दिसते आहे तो धूर की वाफ, याचाच जेथे निश्चय नाही, तेथे त्याच्या आधाराने अग्नी सिद्ध करू जाणे हा दोष आहे. त्या दोषाला 'संदिग्धासिद्ध' असे नाव आहे. विद्यार्थी नाव लिहून घेत. परीक्षेत ते नाव येई आणि बहुतेकांना ते लिहिताही येई.

निवृत्तीनंतर बाई वाईलाच राहत होत्या. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी उभी असे. फियाट कंपनीच्या ११०० डी या इटालियन गाडीचे हे मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेले रूप. १९६४ पासून ती तेथे तयार होऊ लागली, सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले आणि २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. पुढे सलग बसायचे बाक, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन. ज्या पिढीने नोंदणी करून या गाडीची वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्या पिढीला ती वाहनापेक्षा कुटुंबातल्या एखाद्या मंगलकार्यासारखी आठवते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहावेत तसे लेख लिहिले. बाईंनी ते वाचले आणि बाजूला ठेवले. त्यांच्या शेडमधली गाडी अजून चालत होती.

गाडी यजमानांची. ते पाटबंधारे खात्यात अभियंता होते. त्यांनी गाडीची एक वही ठेवली होती : तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल कधी बदलले, कोणता पट्टा कधी तुटला. २०१५ साली ते गेले. त्यानंतर वहीत नोंदी झाल्या नाहीत, पण बाईंनी गाडी विकली नाही. आठवड्यातून दोनदा भाजी, पोस्ट, बँक असे किलोमीटर-दीड किलोमीटरचे फेरे त्या मारत आणि वर्षातून दोन-तीनदा पुण्याला जाऊन येत. सिंगापूरला असलेला मुलगा दर भेटीत गाडी काढून टाकायला सांगे. त्याचे हिशेब चोख असत. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले, हेही आईला त्यानेच कळवले होते.

डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याहून परतताना खंबाटकीच्या घाटात गाडी तापली. साताऱ्याकडून पुण्याला जाणाऱ्या वाहनांना तेव्हा बोगदा होता. पुण्याकडून येणाऱ्याला मात्र घाट चढावाच लागे. निम्म्या चढावर तापमानाचा काटा उजवीकडे टेकला आणि बॉनेटच्या फटींतून पांढरे लोट निघू लागले. बाईंनी गाडी कडेला घेतली आणि कठड्याजवळ तासभर बसून राहिल्या. पुढे कसाबसा घाट चढून-उतरून महामार्गालगतच्या एका गॅरेजात गाडी रात्रभर ठेवली आणि त्या एस.टी.ने घरी आल्या.

सकाळी त्या परतल्या तेव्हा निदान तयार होते. गॅरेजातल्या तरुणाने गार इंजिन सुरू करून दाखवले : सायलेन्सरमधून पांढरा धूर. टॅपेट कव्हरवरचे ऑइलचे झाकण उघडून दाखवले : आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखा पिवळट-पांढरा थर. रेडिएटरमधले पाणी वीतभर खाली गेलेले. आणि तापली तर होतीच. "हेड गॅस्केट उडालंय," तो म्हणाला. "इंजिन खोलावं लागणार. एवढा खर्च या गाडीला करण्यात अर्थ नाही, मॅडम. भंगारात देणार असाल तर मी घेतो." बोलण्यात लबाडी नव्हती. त्याला घाई होती. मागे दोन मालमोटारी उभ्या होत्या.

हेड गॅस्केट म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक. त्यात सिलिंडर असतात आणि सिलिंडरांत दट्टे वर-खाली होतात. त्यावर छतासारखे बसते ते हेड. या दोहोंच्या मध्ये, दोन मिलिमीटरही जाड नसलेली एक पट्टी असते, तिला सिलिंडरांच्या आकाराची मोठी आणि पाण्याच्या, ऑइलच्या वाटांची लहान भोके असतात. ही पट्टी म्हणजे गॅस्केट. जळणाऱ्या वायूचा प्रचंड दाब, उकळायला आलेले पाणी आणि फिरते ऑइल, या तिघांना एकमेकांच्या हद्दीत जाऊ न देणे हे तिचे काम. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा असतो आणि हेड अॅल्युमिनियमचे. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणजे गाडी जितक्या वेळा तापून गार होते तितक्या वेळा छत भिंतींवरून केसभर सरकते आणि परत येते, आणि ते सरकणे मधल्या पट्टीने सोसायचे असते. सदतीस वर्षांत हे किती वेळा घडले असेल, याचा हिशेब यजमानांच्या वहीवरून अंदाजे मांडता आला असता.

पट्टी जळली की ती कोठे जळली यावर लक्षणे ठरतात. पाण्याच्या वाटेकडे जळली तर पाणी सिलिंडरात शिरून सायलेन्सरमधून पांढरे होऊन बाहेर पडते, किंवा उलट वायू पाण्यात शिरून रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. पाणी आणि ऑइल यांच्यामधला बांध फुटला तर ऑइल दुधाळ होते. गॅरेजातल्या तरुणाने जी लक्षणे मोजली ती सर्व या शास्त्राला धरून होती. गॅस्केट गेल्यावर ती दिसतात, यात संशय नाही. पण ती दिसली म्हणजे गॅस्केट गेलेच, हे त्यातून निघत नाही. धूर असेल तेथे अग्नी असतो. अग्नी असेल तेथे धूर असतोच असे मात्र नाही, त्याला ओले सरपण लागते. अन्नंभट्टाने ओल्या सरपणाच्या या अटीला 'उपाधी' म्हटले आहे, आणि उलटी व्याप्ती धरून चालणाऱ्या माणसाला ती सर्वांत आधी शिकवावी लागते.

बाईंनी त्याला एवढेच विचारले, "कशावरून?" तो म्हणाला, "एवढं सगळं दिसतंय की." त्यांनी गाडी टोचन करून वाईला नेली.

त्या प्रश्नामागे शास्त्रापेक्षा दुसरे काही होते. २०१५ च्या मार्चमध्ये एका संध्याकाळी यजमान छातीत जळजळते म्हणाले होते. दुपारी बाहेर मिसळ खाल्ली होती, चैत्राचे ऊन होते. बाई म्हणाल्या, पित्त असेल. थंड दूध दिले, आल्याचा तुकडा दिला. त्यांना बरेही वाटले, निदान ते तसे म्हणाले. पहाटे चारच्या सुमारास सारे संपले. डॉक्टरांनी नंतर सांगितले की हृदयविकाराचा झटका अशा जळजळीच्या रूपानेही येतो. बाईंना त्यात दोष देण्यासारखे काही नाही. दोष कोणता हे बाईंना नावानिशी ठाऊक होते. वर्गात एकतीस वर्षे त्यांनी तो फळ्यावर लिहिला होता.

वाईत एस.टी. स्टँडच्या मागच्या बोळात एका वृद्ध मिस्त्रींचे गॅरेज होते. सारे त्यांना चाचा म्हणत. तरुणपणी त्यांनी मुंबईत टॅक्सींच्या गॅरेजात कामे केली होती. पद्मिनीचे इंजिन त्यांनी किती वेळा उतरवले असेल याची गणती त्यांच्यापाशी नव्हती. बाईंनी महामार्गावरचे निदान सांगितले. चाचांनी ते ऐकून घेतले, हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. "आज हात लावत नाही. रात्रभर गार होऊ द्या. उद्या सकाळी सातला या, म्हणजे तुमच्या समोरच चालू करू."

सकाळी सात वाजता वाईत बोलणाऱ्याच्या तोंडातूनही वाफ निघत होती. इंजिन सुरू झाले आणि सायलेन्सरमधून पांढरे लोट आले. चाचा मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी लोटात तळवा धरला. हात ओला झाला. त्यांनी तो हुंगला, पँटला पुसला आणि स्टूल ओढून बसले. लोट दहा मिनिटे चालले, मग विरळ झाले; सायलेन्सर हात लावू देईना इतका तापला तेव्हा मागे काहीच दिसत नव्हते. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून जवळजवळ लिटरभरच पाणी तयार होते, हे रसायनशास्त्र सांगते. ते एरवी अदृश्य वाफ होऊन निघून जाते. गार नळीत आणि गार हवेत ते पांढरे दिसते इतकेच. गॅस्केटमधून पाणी येत असते तर इंजिन तापल्यावरही लोट थांबले नसते. कृष्णेवरचा धूर बाईंनी यापूर्वी कधी इतक्या जवळून पाहिला नव्हता.

मग ऑइल. झाकणाची साय चाचांनी बोटावर घेतली, पण ते तेथे थांबले नाहीत. त्यांनी डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा बुडवून काढली; ऑइल काळे होते, पण स्वच्छ होते, दुधाळपणा नव्हता. तळाचा बोल्ट ढिला करून पहिले चार थेंब वाटीत घेतले. पाणी तळाला बसते. ते असते तर आधी तेच आले असते. आले ते ऑइल. चाचांनी विचारले, "बाई, गाडी रोज किती चालते?" भाजी आणि पोस्ट हे उत्तर ऐकून ते हसले. इतक्या थोड्या अंतरात इंजिन पुरते तापत नाही, आतल्या हवेतली दमट वाफ बाहेर पडत नाही, आणि ती वरच्या गार झाकणाला ऑइलबरोबर चिकटून तिची साय होते. ज्या गाडीला रोज तीस किलोमीटर पळवतात तिच्या झाकणाला ही साय धरत नाही. आठ वर्षे बाईंनी गाडी जपली होती. त्या जपण्याचाच हा थर होता.

तिसरी परीक्षा पाण्याची. गार इंजिनाचा पंख्याचा पट्टा सोडून, रेडिएटर काठोकाठ भरून, झाकण उघडे ठेवून गाडी सुरू केली. सुरुवातीला दोन-तीन बुडबुडे आले. भरताना अडकलेली हवा निघाली, असे चाचा म्हणाले, आणि त्यांनी इंजिनाचे कान पिळावेत तसा अॅक्सिलरेटरच्या दांड्याला दोनदा झटका दिला. पाणी स्थिर राहिले. पट्टा नसताना इंजिन फार वेळ चालवता येत नाही, म्हणून मिनिटभरातच बंद केले. तेवढ्यात जे कळायचे ते कळले होते.

मग पाणी जाते कोठे? याचे उत्तर चाचांना बॅटरीच्या प्रकाशात पाण्याच्या पंपाखाली सापडले. पंपाच्या दांड्याचे सील झिजले की पाणी एका लहान भोकातून खाली झिरपावे अशी मुद्दाम सोय केलेली असते. त्या भोकापासून खाली पांढऱ्या क्षाराच्या रेघा ओघळल्या होत्या, एकावर एक, कित्येक महिन्यांच्या. इंजिन तापले की झिरपे, गरम लोखंडावर पडून उडून जाई, आणि जमिनीवर थेंबही दिसत नसे. पंप उतरवला, नवे सील आणि बेअरिंग घातले, पट्टा बदलला. चार दिवसांत सगळे झाले. पाणी खाली जाईना, काटा मध्यावर थांबू लागला. महामार्गावरच्या तरुणाचे चारही हेतू एकामागून एक निकालात निघाले होते. बाईंनी त्या रात्री यजमानांची वही काढली आणि आठ वर्षांनी पहिली नोंद केली : पाण्याचा पंप, सील, पट्टा. गॅस्केट ठीक.

एवढ्यावर थांबता आले असते. बऱ्याच निदानांच्या कथा येथेच थांबतात, आणि त्या वाचायला बऱ्या वाटतात : उतावळा तरुण चुकला, सावकाश म्हातारा बरोबर ठरला. चाचा थांबले नाहीत. गाडी परत देण्याआधी ती चढाला घालून पाहायची त्यांची रीत होती. पाचव्या दिवशी ते बाईंना घेऊन पसरणीच्या घाटाने पाचगणीकडे निघाले. गाडी तापली नाही. पण तिसऱ्या वळणावर चाचांनी रेडिओ बंद करावा तशी बोलणारी बाईंची वाक्ये हाताने थांबवली. दुसऱ्या गिअरमध्ये, जोर लागत असताना, पुढून मधूनच एक हलका 'फट्' असा आवाज येत होता, एखाद्याने तोंड मिटून खोकावे तसा. "हा केव्हापासून?" बाईंना आठवेना. वर्षभर असेल. गाडी म्हातारी झाली, असे त्यांनी स्वतःला सांगितले होते. महामार्गावरच्या यादीत हा आवाज नव्हता. कारण तेथे कोणी गाडी चढावर चालवून पाहिलीच नव्हती, आणि बाईंनीही तो सांगितला नव्हता, कारण ज्याला आपण स्वभाव मानतो त्याची तक्रार करत नाही.

परत आल्यावर चाचांनी चारही प्लग काढले, कॉईलची तार सोडली आणि पहिल्या भोकात कॉम्प्रेशन गेज बसवले. बाई आत बसल्या. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि सांगितले की स्टार्टर मारायचा, हे त्यांचे काम. इंजिन पाच-सहा वेळा फिरे आणि काटा चढून थांबे. पहिला सिलिंडर, १२५ पौंड. दुसरा, ८०. तिसरा, ७५. चौथा, १२०. चाचांनी आकडे खडूने भिंतीवर लिहिले आणि पुन्हा एकदा सगळे मोजले. तेच आले. मग दुसऱ्यात आणि तिसऱ्यात चमचा-चमचा ऑइल सोडून मोजले. दट्ट्यांच्या रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलने फट भरून काटा वर गेला असता. तो हलला नाही. व्हॉल्व्ह बिघडले असते, पण शेजारशेजारचे दोनच आणि सारखेच बिघडणे हा योगायोग चाचांना मान्य नव्हता.

शेवटची परीक्षा त्यांनी शेजारच्या पंक्चरवाल्याकडची हवेची नळी आणून केली. एका जुन्या प्लगचे पोट कोरून त्याला पितळी नळी डाखलेली होती. हे हत्यार त्यांनी स्वतःच कधीकाळी केलेले. दुसऱ्या सिलिंडराचा दट्टा वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करून, गाडी गिअरमध्ये टाकून चाकांना दगड लावले आणि त्या सिलिंडरात हवा सोडली. रेडिएटरचे पाणी हलले नाही. चाचांनी बिडीच्या बंडलावरचा पातळ कागद फाडून तिसऱ्या प्लगच्या भोकावर धरला. कागद थरथरला. एका खोलीत भरलेला श्वास शेजारच्या खोलीतून बाहेर येत होता. बाईंनी कागद आपल्या हातात घेऊन स्वतः धरून पाहिला.

म्हणजे गॅस्केट गेले होते. पाण्याच्या बाजूला नव्हे, ऑइलच्या बाजूला नव्हे, तर दोन सिलिंडरांमधल्या अरुंद पट्टीत, जेथून ना धूर निघतो, ना साय धरते, ना बुडबुडे येतात. या इंजिनात दुसरा आणि तिसरा दट्टा बरोबरच वर-खाली होतात. दुसऱ्यात स्फोट होतो तेव्हा तिसरा ताजी हवा आत ओढत असतो. फुटलेल्या पट्टीतून ज्वाळा तिकडे शिरली की कार्बोरेटरमधून तो खोकला येतो. महामार्गावरच्या तरुणाने मोजलेल्या लक्षणांपैकी एकही या बिघाडाने प्रत्यक्ष निर्माण केलेले नव्हते, आणि तरी त्याचे वाक्य शब्दशः खरे निघाले. "नेम लागला त्याचा, बाई," चाचा म्हणाले. "बघितलं नव्हतं त्यानं."

बाईंना हे प्रकरण पुस्तकात भेटलेले होते. बाराव्या शतकातला श्रीहर्ष, 'नैषधीयचरिता'चा कवी, 'खंडनखंडखाद्य' या ग्रंथात नैयायिकांना कोंडीत पकडताना असे विचारतो : कोणी मूठ मिटून आत कवड्या किती असे विचारले आणि दुसऱ्याने अंदाजाने पाच म्हटले, आणि मुठीत पाचच निघाल्या, तर त्याला ज्ञान झाले म्हणायचे काय? वाफेला धूर समजून कोणी अग्नीचे अनुमान केले आणि तेथे खरोखरच अग्नी असला, तर? जाणिवेचा विषय जसा आहे तसाच तिने पकडला, एवढ्यावर जर प्रमाण ज्ञानाची व्याख्या करायची, तर या दोघांनाही ज्ञानी म्हणावे लागेल. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात याच जातीचा पेच एडमंड गेटियरने १९६३ साली तीन पानांच्या एका लेखात मांडला आणि त्यावर नंतर ग्रंथालये भरली. श्रीहर्षाला व्याख्या सुधारायच्या नव्हत्या, व्याख्या करण्याची हावच मोडायची होती. वर्गात बाई हा भाग घाईने संपवत. पाच कवड्यांचे उदाहरण त्यांना वितंडवाद्याचे खेळणे वाटे. ज्याचे म्हणणे खरे निघाले त्याच्याशी भांडण कशाचे?

भांडण कशाचे ते आता भिंतीवर खडूने लिहिलेले होते. महामार्गावर त्या तरुणाच्या हाती गाडी दिली असती तर त्याने इंजिन खोलले असते, जळके गॅस्केट बघून तो खूश झाला असता, नवे घालून गाडी परत दिली असती. पंपाच्या सीलकडे त्याने पाहिलेच नसते. कारण पाणी कोठे जाते याचे उत्तर त्याच्यापाशी आधीच होते. पंप झिरपत राहिला असता, उणे पाणी घेऊन गाडी पुन्हा तापली असती आणि नव्या पट्टीचीही तीच गत झाली असती. तापणे हे गॅस्केट गेल्याचे कार्य असू शकते. येथे ते कारण होते. पंप झिरपत गेला, इंजिन थोडे थोडे तापत गेले, हेड सरकत गेले, पट्टी जळत गेली. खंबाटकीच्या घाटात दिसले ते या लांबलेल्या गोष्टीचे शेवटचे पान. त्याने निकाल बरोबर सांगितला होता आणि गोष्ट उलटी वाचली होती. (साहित्यसमीक्षेत हे काही विरळा नाही. अमुक कादंबरी फसली हा निर्णय अचूक असतो आणि फसण्याची जागा भलतीच दाखवली जाते. लेखक ती जागा दुरुस्त करतो आणि पुढच्या कादंबरीत पहिल्याच जागी फसतो.)

बाईंपुरते मात्र हे एवढ्यावर सुटत नव्हते. आपणही तेच केले, हे त्यांना घाटातून परतताना लक्षात आले होते. चार हेतू खोटे ठरले म्हणून साध्यच खोटे, असे समजून त्यांनी वहीत 'गॅस्केट ठीक' असे लिहून टाकले होते. एखाद्याचा पुरावा पडला की त्याचे म्हणणे पडते, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. पुरावा पडल्यावर म्हणणे केवळ निराधार होते. ते खोटे आहे की खरे, हे नव्याने पाहावे लागते. पित्ताच्या रात्रीपासून ज्या घाईची त्यांना धास्ती होती ती घाई संशयाच्या वेषातही येते, हे त्यांनी सत्तराव्या वर्षी प्रथमच पाहिले. त्यांनी ती ओळ खोडली नाही. तिच्याखाली चार आकडे लिहिले.

हेड उतरवले तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरांच्या मधोमध गॅस्केटची कड नखभर रुंदीची काळी होऊन तुटली होती. हेडवर पोलादी पट्टी उभी धरून चाचांनी खालून फिलर गेजची पाती सारून पाहिली. मध्ये किंचित बाक आला होता. साताऱ्याला नेऊन त्याचे फेसिंग करून आणले. गॅस्केट मुंबईहून यायला आठ दिवस गेले. नट आवळण्याचा एक क्रम असतो, मधून कडांकडे, आणि एकदम पूर्ण आवळायचे नसतात. तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंच लावून, चाचांनी ते आवळले आणि प्रत्येक फेरीनंतर बिडी ओढली. शेवटच्या मोजणीत चारही आकडे एकशेवीसच्या वर होते. पाचशे किलोमीटर झाल्यावर गाडी आणा, नट पुन्हा बघावे लागतील, असे त्यांनी बजावले. बाईंच्या भाजी-पोस्टाच्या हिशेबाने पाचशे किलोमीटरला वर्ष लागले असते. चाचा म्हणाले, "मग चालवा की जरा. पुण्याला जा, कोल्हापूरला जा. गाडी ठेवून खराब होते, बाई."

रविवारी मुलाचा फोन आला. गाडीचे काय झाले हे त्याला ऐकायचे होते. बाईंनी पंप सांगितला, गॅस्केट सांगितले, खर्च सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग हसून म्हणाला, "म्हणजे तो हायवेवालाच बरोबर होता, आई. उगाच तीन आठवडे घालवलेस." फोनवर त्याच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती, तिकडे जेवणाची वेळ होती. बाई म्हणाल्या, "हो, बरोबर होता तो," आणि नातीची परीक्षा कधी आहे ते विचारले.